जागा नव्हती

एका लहानशा गोष्टीने आम्हांस बरेच दिवस छळले आहे. गोष्ट इतकी लहान, की पापनिवेदनाच्या वेळी ती सांगितली तेव्हा पलीकडे बसलेल्या वयोवृद्ध धर्मगुरूंनाही क्षणभर कळेना, हिच्यात पाप कोठे आहे. तेव्हा ती वाचकांपुढेच ठेवतो.

मोत माउलीच्या जत्रेचे दिवस होते. 8 सप्टेंबरच्या मरियाजन्मोत्सवानंतरच्या रविवारपासून आठवडाभर वांद्र्याच्या डोंगरावर भाविकांची रीघ लागते. आमच्या वसईतूनही घराघरांतून माणसे जातात. त्यांतल्या एका दुपारच्या मिस्सेत प्रवचन करण्याचे काम आमच्याकडे आले होते, म्हणून सकाळची लोकल धरली. अंगात पांढरा झगा. गाडी विरारहूनच भरून आलेली. पण आत शिरतो न शिरतो तोच खिडकीजवळचा एक तरुण ‘या फादर, बसा’ म्हणत उठला. आम्ही एकदा ‘राहू दे रे’ म्हटले, दुसऱ्यांदा म्हटले नाही, आणि बसलो. मांडीवर प्रार्थनाग्रंथ उघडला. प्रवचनाचे टिपण त्यातच होते.

नायगावला एक बाई चढली. सातवा महिना सहज असावा. कडेवर दोन वर्षांचे मूल, खांद्याला पिशवी, मागे पोरगेलासा दीर. बायकांच्या डब्याच्या दारात पाऊल ठेवायलाही जागा नव्हती, म्हणून त्याने तिला आमच्या डब्यात चढवले होते. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा माणूस अर्धामुर्धा टेकतो, हे रोजच्या प्रवाशांना सांगायला नको. तो चौथाही आमच्या बाकावर होताच. बाई आमच्या गुडघ्यांशी येऊन उभी राहिली. गाडी हलली तशी तिने एका हाताने वरची कडी धरली आणि दुसऱ्या हाताने मूल घट्ट आवळले.

आम्ही काय केले? ‘बाळाला दे इकडे,’ म्हणून हात पुढे केले. ‘रडेल हो फादर,’ ती म्हणाली, पण दिले. मूल रडले नाही. झग्याच्या गुंड्यांशी थोडा वेळ खेळले आणि खाडीचा पूल ओलांडून भाईंदर येईपर्यंत आमच्या छातीवर मान टाकून झोपी गेले. आम्हांला समाधान वाटले. खरे सांगायचे तर थोडा अभिमानच वाटला. आजूबाजूच्या चारदोन माणसांनी कौतुकाने पाहिले, तेही नजरेतून सुटले नाही. बाई मात्र उभीच होती. गाडी वळणावर हेलकावा घेई तेव्हा ती डोळे मिटून घेई.

दहिसर जवळ आले तेव्हा समोरच्या बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उठले. आमच्याहून दहा-बारा वर्षांनी तरी मोठे असावेत. ‘बस गं पोरी,’ एवढेच म्हणाले. ती संकोचली, ‘बाबा, तुम्ही बसा,’ म्हणाली, त्यांनी ऐकले नाही. तेव्हा कोठे आम्ही खडबडून जागे झालो आणि आपली जागा त्यांना देऊ लागलो. म्हातारबांनी खांद्यावर हात ठेवून आम्हांला खाली बसवले. ‘राहू द्या फादर. उठलात तर पोर जागं होईल.’

त्यांत उपरोध नव्हता, याची आम्हांला खात्री आहे. म्हणूनच ते वाक्य अधिक लागले. ज्या अर्ध्या सत्कृत्याने आम्ही स्वतःवर खूश होतो, त्यानेच आम्हांला बाकाला जखडून ठेवले होते. वांद्रे येईपर्यंत काठीचा म्हातारा उभा, आणि आम्ही बसलेले.

नायगाव ते दहिसर वीस मिनिटेही नसतील. त्यात कोणी आजारी पडले नाही, कोणाचे नुकसान झाले नाही. मग एवढे मनाला लावून घेण्याचे कारण काय? आम्ही प्रत्येक मिस्सेत पापकबुलीची प्रार्थना म्हणतो. जुन्या लॅटिन मिस्सेत तिच्यात विचार, शब्द आणि कृती या तीनच वाटांनी घडलेल्या पापांचा उल्लेख होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर 1970 साली जो नवा मिस्साग्रंथ आला, त्यात चौथी वाट जोडली गेली : जे करायला हवे होते ते न केल्याची. हा बदल आमच्या जन्माच्या सुमारासचा; आम्ही लहानपणापासून चारही म्हणत आलो. पण त्या दिवशी ध्यानात आले, की चौथ्या पापाची एक अडचण आहे. केलेले पाप आठवते. न केलेले आठवायला त्याला तारीख नसते, जागा नसते, साक्षीदार नसतो. आमच्या बाबतीत जागा मात्र होती. खिडकीजवळची.

येथे कोणी म्हणेल, फादर, बसायला जागा देणे हा उपकार झाला; उपकार केला नाही म्हणून पाप कसे लागेल? प्रश्न योग्य आहे. सेमिनरीत आम्हांला शिकवले होते, की न्याय म्हणजे ज्याचे त्याला देण्याची स्थिर इच्छा, आणि प्रीती ही त्याच्या पुढची पायरी. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी ही मांडणी मोठ्या काटेकोरपणे केली आहे. पण तेच संत थॉमस असेही सांगतात, की आत्यंतिक गरजेच्या वेळी माझे आणि तुझे ही वाटणी मागे पडते. ईश्वराने वस्तू मूळ सर्वांच्या भरणपोषणासाठी दिल्या आहेत. लोकलचा बाक हा काही भाकरीचा तुकडा नव्हे, हे आम्हांला कळते. तरीही विचार करावा. ती जागा आमची होती ती कशी? तिकिटाने नव्हे, तिकीट सर्वांकडेच होते. आधी चढलो म्हणूनही नव्हे. एका तरुणाने झग्याला मान दिला म्हणून. म्हणजे जी वस्तू आम्हांला फुकट मिळाली होती, ती आम्ही काही क्षणांत मालकीची करून टाकली. आणि ती सोडणे हा आमचा उपकार ठरणार होता!

झग्याचा मान राखायला तरुण उठला. त्याला दोष देणे नाही. पण त्या डब्यात खरे ओझे वाहणारे कोण होते? झगा हे खूण दाखवणारे वस्त्र आहे. ज्याची ती खूण, तो स्वतः आईच्या पोटात असताना दूरच्या गावी गेला होता.

त्या प्रवासाकडेच आम्हांला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. नाझरेथहून बेथलेहेम सुमारे दीडशे किलोमीटर. आपल्या नाताळच्या चित्रांत पवित्र मरिया गाढवावर बसलेली असते. संत लूकच्या शुभवर्तमानात गाढव नाही. आपल्या नाताळच्या नाटुकल्यांत दार लावून घेणारा खडूस सराईवाला असतो, आणि ती भूमिका करायला धर्मग्रामातील मुले भांडतात. लूकने तोही लिहिलेला नाही. त्याने एवढेच लिहिले, की त्यांना उतरायला जागा नव्हती. त्यासाठी त्याने वापरलेला ‘कातालुमा’ हा ग्रीक शब्दही केवळ धर्मशाळेचा नाही. पुढे शेवटच्या भोजनाची खोली शोधायला शिष्य जातात तेथे तोच शब्द येतो. त्याचा अर्थ पाहुण्यांची खोली असाही होतो. उलट दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात जी सराई आहे, तिच्यासाठी लूक दुसराच शब्द वापरतो. अनेक अभ्यासकांना म्हणूनच वाटते, की योसेफ आपल्या मूळ गावी एखाद्या आप्ताच्याच घरी गेला असावा आणि तेथील पाहुण्यांची खोली आधीच भरलेली असावी.

तसे असेल तर गोष्ट अधिक अवघड होते. कोणी हाकलले नाही, कोणी दार आपटले नाही. आधी आलेले पाहुणे आपापल्या पथारीवर होते, इतकेच. ‘जागा नव्हती’ या वाक्याला कर्ता नाही. व्याकरणातल्या त्या रिकाम्या जागी आम्ही दोन हजार वर्षे एका काल्पनिक सराईवाल्याला बसवत आलो, कारण तेथे कोणीतरी बसणे सोयीचे होते.

मोठे शहर असेच बिनकर्त्याच्या वाक्यांत बोलते. गर्दी होती. वेळ नव्हता. 29 सप्टेंबर 2017 रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसे गेली. त्या सकाळी कोणी कोणाला मारायला घरून निघाले नव्हते. पूल अरुंद आहे हे मात्र वर्षानुवर्षे सर्वांना माहीत होते. शहराची बांधणी दोन्ही हात मोकळे असलेल्या, एकट्या, धडधाकट माणसाच्या मापाने झाली आहे. एका हातात मूल आणि पोटात दुसरे घेऊन जिने चढणाऱ्या बाईबरोबर कधी दादर स्थानक पार करून पाहावे, म्हणजे हे माप किती तोकडे आहे ते कळते.

सोयी झाल्याच नाहीत असे म्हणणे खोटे होईल. मुंबईच्या लोकलमध्ये अपंगांसाठी राखलेल्या डब्यातून गर्भवतींना प्रवास करता येतो. लंडनच्या वाहतूक खात्याने 2005 पासून गर्भवतींना कपड्यावर लावायला एक बिल्ला विनामूल्य देण्यास सुरुवात केली, आणि जपानात 2006 पासून तशीच खूण रूढ झाली. पहिल्या काही महिन्यांत मळमळ, चक्कर सर्वांत जास्त, आणि पोट मात्र दिसत नाही. त्या बायकांसाठी ती फार कामाची. आपल्याकडे 1961 च्या प्रसूतिलाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठीची पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. तीही भाजीची पाटी घेऊन पहाटे वसईहून निघणाऱ्या बाईपर्यंत पोहोचत नाही, हे निराळे. या सर्व गोष्टी चांगल्या आहेत. आमची तक्रार त्यांविषयी नाही. आम्हांला भीती वाटते ती इतकीच, की एक डबा राखून ठेवला की उरलेल्या डब्यांना सुटका झाल्यासारखे वाटते. ‘तिच्यासाठी वेगळा डबा आहे ना,’ हा विचार त्या सकाळी आमच्याही मनात येऊन गेला. तो डबा फलाटाच्या दुसऱ्या टोकाशी थांबतो आणि गाडी काही सेकंदच उभी राहते, हे आम्ही सोयीस्करपणे विसरलो. बिल्ल्याचे तर आम्हांला कारणच नव्हते. आम्ही पाहिले होते.

भाजीची पाटी आम्ही उगाच काढली नाही. आमची आई दादरला भाजी विकायला जाई. आमचा धाकटा भाऊ पोटात असताना, घरी सांभाळायला कोणी नसे त्या दिवशी ती आम्हांलाही बरोबर नेई. आम्हांला त्यातले काहीच आठवत नाही. तिने पुढे सांगितलेले तेवढे ठाऊक. मालाच्या डब्यात, पाट्यांच्या गर्दीत, एकदा एका कोळणीने आपली मासळीची पाटी पायाने सरकवली आणि आईवर ओरडली, ‘उबी काय रवलीस, बस की गो!’ आईला त्या बाईचे नाव कधी कळले नाही. पण मासळीच्या पाण्याने लुगडे भिजले आणि घरी गेल्यावर आजी किती बोलली, हे ती हसून सांगे. त्या कोळणीने उपकार केला असे आईच्या सांगण्यात कधी आले नाही. ती म्हणे, ‘तिने जागा केली.’ जागा दिली नव्हे, केली. आमच्या सेमिनरीच्या सात-आठ वर्षांत हा फरक इतक्या थोडक्यात कोणी समजावला नव्हता.

आता एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. बसलेला प्रत्येक माणूस दोषी नसतो. आमच्या शेजारचा गृहस्थ रात्रपाळी करून आला असेल. त्याचे डोळे तसे सांगत होते. कोणाच्या पाठीत पट्टा असतो, कोणाच्या पोटात टाके. दुसऱ्याचे ओझे आपल्याला दिसत नाही, हे त्या बाईविषयी जितके खरे तितकेच त्याच्याविषयीही. तेव्हा डब्याचा न्याय करायला आम्ही बसणार नाही. प्रश्न फक्त आमच्या गुडघ्याचा आहे. होय, तेच कारण आम्ही मनाशी दिले होते : गुडघा दुखतो. तो खरेच दुखतो. डॉक्टरांनी सांगितले आहे. पण त्याच दिवशी त्याच गुडघ्याने आम्ही मोत माउलीची चढण चढलो. वाटेत दुकानांत मेणाची बाळे, मेणाचे हात, मेणाचे पाय मांडलेले होते. मेणाचा गुडघाही मिळाला असता.

प्रवचनाचा विषय, आधी ठरल्याप्रमाणे, मरिया-एलिझाबेथ भेट हा होता : डोंगराळ मुलुखात लगबगीने निघालेली गर्भवती मरिया आणि दारातच तिला ओळखणारी दुसरी गर्भवती. टिपण चांगले झाले होते. ते आम्ही वाचून दाखवले. दुसरे काही बोलण्याचे धैर्य झाले नाही. मिस्सेनंतर एकदोघांनी प्रवचन आवडल्याचे सांगितले.

पण त्या आधी, वांद्रे स्थानकात, उतरणाऱ्यांच्या रेट्यात आम्ही झोपलेले मूल तिच्या खांद्यावर दिले. दिराने पिशव्या घेतल्या. फलाटावर पाय टेकल्यावर ती मागे वळून म्हणाली, ‘फार उपकार झाले, फादर. तुम्ही होतात म्हणून.’ आम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. हे शब्द त्या म्हातारबांना पोहोचवावेत असे मनात आले आणि आम्ही खिडकीकडे वळलो. गाडी सुटत होती. आम्ही सोडलेली जागा आणि तिने सोडलेली जागा, दोन्ही भरल्या होत्या. काठी काखेत धरून आणि वरची कडी पकडून ते उभेच होते.