रावी कोण?

अमरावती जिल्ह्यातले दर्यापूर असो की अकोल्याकडचे दहीहांडा, पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहीर खणली की खारे पाणी लागते. या पाण्याविषयी वाचता वाचता आम्ही आर्थर विन या इंग्रज अमदानीतील भूशास्त्रज्ञाच्या मागे लागलो. पूर्णेच्या खोऱ्यावरचा त्यांचा लेख सरकारी भूगर्भ खात्याने १८६९ साली छापला. १८७८ साली पंजाबातील मिठाच्या डोंगरांवर त्यांचा ग्रंथ आला. मिठाच्या मुलखातून एवढा फिरलेला हा माणूस आज कुणाला ठाऊक आहे? त्याचे चरित्र जुळवावे, असे आम्हांला वाटले.

शोध घेताना दुसराच प्रश्न आडवा आला. साहेब येण्याआधीपासून इथे मिठाच्या विहिरी होत्या. मातीचे थर फोडून खोल जायचे, वर आलेले खारे पाणी आटवायचे, मीठ उचलायचे. हे सारे साहेबांना इथल्याच माणसांनी दाखवले असणार. ती माणसे कोण?

हदीस पारखताना रावी कोण, त्याने कोणाकडून ऐकले, त्याची सचोटी कशी, हे विचारले जाते. साखळीची कडी तुटलेली असेल तर तसे स्पष्ट सांगतात. तीच कसोटी लावली, तर इथली साखळी साहेबांपाशीच थांबते.

तिथे आम्हांला मोह झाला. मीठ काढणारा एखादा उस्ताद कल्पावा, त्याला आपल्यातले एखादे नाव द्यावे! पण प्रेमापोटी रचलेली साक्षही खोटीच. तसेच पुरावा नसता विनसाहेबांना चोर म्हणणे हाही अन्यायच. इंग्रजी राज्यात या विहिरींवरचे मीठ बंद झाले. त्या कायद्याचे पाप एका पाहणी करणाऱ्याच्या माथी कसे मारायचे? मृताला तर खुलासाही करता येत नाही.

१९३० च्या एप्रिलात दहीहांड्याला याच खाऱ्या पाण्याचे मीठ करून सत्याग्रह झाला. त्याची आठवण वऱ्हाडाने जपली. विहिरीत उतरणारे मात्र दोन्हीकडे अनाम राहिले.

कागद नाही तर माणूसच नाही, असे सहज म्हटले जाते. त्याची झळ आपल्याला चांगली ठाऊक आहे. म्हणून विनसाहेबांचे चरित्र लिहिताना त्यांच्या नावाआधी आम्ही एक ओळ कोरी सोडणार आहोत. ती भरण्याचा हक्क आम्हांला नाही आणि पुसण्याचाही नाही.