ओट्याखालची जागा

घर कोणाचे, असा प्रश्न कोणी विचारला तर आपण ग्रामपंचायतीचा उतारा अथवा घरपट्टीची पावती पुढे करतो. कायद्यापुरते ते उत्तर पुरेसे आहे. परंतु घरात कोणी कोठे बसावे, कोणी आधी जेवावे, कोणाला उंबरठ्याच्या आत घ्यावे आणि कोणाला रात्री बाहेर ठेवावे, हे कोणत्याही उताऱ्यावर लिहिलेले नसते. ते घरातली माणसे ठरवितात आणि बहुधा न बोलता ठरवितात. घराची मोडतोड करून नवी मांडणी करण्याचा प्रसंग आला की मगच हे अबोल निर्णय उघड्यावर येतात. त्यातच घरात एखादा नवा जीव आलेला असेल, तर प्रश्न अधिक टोकदार होतो. आम्ही आणलेल्या जिवाचे आम्ही काय लागतो? मालक, की आणखी काही?

शिरूर तालुक्यातील मांडवगण फराटा हे आमचे गाव. भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. नदीच्या पाण्याने या पट्ट्यात ऊस आणला आणि उसाने पैसा आणला. पैशाबरोबर घरे बदलली. सारवलेल्या जमिनीवर शहाबादी फरशी आली, चुलीच्या जागी गॅसची शेगडी आली. आमच्याही वस्तीवरच्या घरात यंदा स्वयंपाकघर पालटावयाचे ठरले. गवंडी महिनाभर मोकळा नव्हता, म्हणून घरच्याच हातांनी काम सुरू केले. विटांचे तीन पाये, त्यांवर कडप्प्याची लादी, मागे हातभर उंचीपर्यंत पांढऱ्या टाइल्स, असा साधा बेत. ओळंबा आणि पाणसळ शेजाऱ्यांकडून आणली. याच आठवड्यात दोन महिन्यांचे एक गावठी पिलूही घरी आले. मुलांनी त्याचे नाव वाघ्या ठेवले.

त्या दिवसांत घरात दोन कामे शेजारी शेजारी चालली होती आणि त्यांतला भेद न्याहाळण्यासारखा होता. सिमेंटच्या बांधकामाला निदान सात दिवस पाणी द्यावे लागते. ओले गोणपाट अंथरले की ते मुकाट्याने घट्ट होत जाते. वीट आपल्याला हवी तेथे बसते. लादी जास्त झाली तर कापता येते. पिलू मात्र असे बसत नाही. चौथ्या महिन्याच्या सुमारास त्याचे दुधाचे दात पडू लागतात, हिरड्या सळसळतात आणि समोर येईल ते ते चावते. गोणपाट, झाडूची मूठ, चपला, काहीही. ओल्या सिमेंटमधला चुना त्याच्या पायांचे कोवळे तळवे भाजून काढू शकतो, म्हणून काम चालू असताना त्याला आवरणारा एक माणूस लागतो. कांदा त्याला घातक. शिजवलेला असला तरी त्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. कांद्यावाचून ज्या घरात कालवण होत नाही, तेथे उष्टे घालण्याची जुनी सवयसुद्धा तपासून पाहावी लागते. जंताचे औषध वेळेवर द्यावे लागते, कारण ते जंत लहान मुलांच्याही पोटात जातात. तीन महिन्यांचे झाले की पिसाळण्यावरची लस, आणि पुढे दरवर्षी ती लस.

वस्तू आपण आपल्या सोयीप्रमाणे घडवितो. जीव घरात आला की तो आपल्या सोयी घडवू लागतो. ज्याला हा भेद मान्य नाही, त्याने पिलू आणूच नये. आपल्या देशाच्या कायद्यानेही हे ओळखले आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यात प्राण्याला उपाशी ठेवणे, आखूड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणे, सदा बांधलेल्या कुत्र्याला मोकळे न फिरविणे आणि विनाकारण टाकून देणे हे सारे गुन्हे मानले आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र 10 ते 50 रुपयांचा ठेवला. या रकमेने कोणाची सद्सद्विवेकबुद्धी जागी होईल, असे आम्हांस वाटत नाही. ती घरातच जागी व्हावयास हवी.

कुत्र्याच्या बाबतीत आपले मन मोठे दुटप्पी आहे. याच पुणे जिल्ह्यात जेजुरीच्या खंडोबाबरोबर कुत्रा असतो. दत्ताच्या पायांशी चार कुत्री असतात. कोरडी भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज लहानपणीच आपल्या कानी पडतात. आणि तरीही कोणाचा अपमान करावयाचा झाला की त्याच्या जिण्याला कुत्र्याचे जिणे म्हणतो, मरणाला कुत्र्याची मौत म्हणतो. पूजेत जागा आहे, बोलण्यात नाही. व्यवहारात काय आहे, ते स्वयंपाकघरात पाहावे.

जुन्या स्वयंपाकघरात चुलीपाशी थोडी उबदार राख असे आणि थंडीच्या रात्री घरातले कुत्रे तेथे अंग मुडपून पडे. भाकऱ्या झाल्या की शेवटी उरलेल्या पिठाची एक लहानशी चानकी थापली जाई, ती त्याची. कोणी त्याला दानधर्म म्हणत नसे. पीठ मळतानाच तिचा हिशेब धरलेला असे. नव्या ओट्याचा आराखडा खडूने भिंतीवर काढला, तेव्हा आजींनी तो पाहून एवढेच विचारले, "हे सगळं झालं, पण चानकी कुठं भाजायची, आणि ते बसायचं कुठं?" चानकी गॅसवरच्या तव्यावरही भाजता येते. दुसरा प्रश्न अवघड होता. ओट्याखाली तीन विटांच्या पायांमुळे दोन खण होत होते. एकात सिलिंडर आणि दुसऱ्यात पिठाचे डबे, असा विचार होता. दारे लावली की सारे झाकून जाणार होते. सोय म्हणतात ती हीच. तिच्यात कोणाचे स्थान गेले, हे दिसतही नाही.

येथे आम्हांस शुभवर्तमानातील एक प्रसंग आठवतो. सोर प्रांतातील एक परकी स्त्री आपल्या आजारी मुलीसाठी प्रभू येशूकडे येते. मुलांची भाकर कुत्र्यांना घालणे बरे नव्हे, असे उत्तर मिळाल्यावर ती रागावून परत जात नाही. मेजाखालची कुत्रीही मुलांच्या हातून पडलेला चुरा खातात, असे नम्रपणे सुचविते, आणि तिची मुलगी बरी होते. संत मार्क यांनी येथे वापरलेला मूळ ग्रीक शब्द लहान कुत्र्यांसाठीचा आहे. तेव्हा या वाक्यातील कुत्री उकिरड्यावरची वाटत नाहीत. ती घरातली, मुलांच्या पायांत घुटमळणारी आहेत. त्या स्त्रीचा सारा युक्तिवाद एका घरगुती निरीक्षणावर उभा आहे: ज्या घरात मुले जेवतात, त्या घरात मेजाखालीही कोणीतरी जेवत असते. तिने मेजावरची जागा मागितली नाही. परंतु मेजाखालची जागा तरी घराच्या आतच असते, हे तिने सांगितले. जुन्या करारातील तोबीतच्या ग्रंथातही तरुण तोबिया प्रवासाला निघतो, तेव्हा बरोबर देवदूत असतो आणि कुत्राही असतो. त्या कुत्र्याच्या हातून काही चमत्कार घडत नाही. तो फक्त बरोबर असतो.

आमच्या भागात आत आणि बाहेर या शब्दांना आज आणखी एक अर्थ आला आहे. दाट ऊस वर्ष-दीड वर्ष उभा राहतो, पाणी जवळ असते, आणि बिबट्या त्यात पिले वाढवितो. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये याच शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघे दगावले, त्यांत दोन मुले होती. अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेला, 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की तेथील बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने 39 टक्के वाटा कुत्र्यांचा होता. म्हणजे राखणीसाठी म्हणून अंगणात साखळीने बांधलेले कुत्रे हे पुष्कळदा राखणदार नसून भक्ष्य असते. बांधलेल्याला पळताही येत नाही. त्याच्या ओरडण्याने आम्ही सावध व्हावे आणि त्याने मरावे, हा करार त्याने कधी केलेला नाही. माणसाचा जीव प्राण्याच्या जिवाहून मोलाचा, हे आम्ही मानतो. परंतु दार लावून ज्याला आत घेता येते, त्याला बाहेर बांधण्यात माणसाचा जीव वाचतोच असे नाही. वाचते ती केवळ फरशी पुसण्याची तसदी. वाघ्या आतून भुंकला तरी आम्हांला ऐकू येते.

येथवर वाचून कोणी म्हणेल, कुत्र्यासाठी एवढा विचार, आणि माणसांचे काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात दोन गोष्टी जवळजवळ सांगितल्या आहेत. प्राणी ही देवाची निर्मिती असल्यामुळे माणसांनी त्यांच्याशी ममतेने वागणे हे देणे आहे. आणि माणसांचे दुःख निवारण्यासाठी जो पैसा खर्च व्हावयास हवा, तो प्राण्यांवर उधळणे योग्य नव्हे. ही दोन वाक्ये एकमेकांना छेद देतात असे वरवर वाटते. मांडवगणच्या शिवारात उभे राहिले की त्यांचा मेळ बसतो. दिवाळीच्या पुढेमागे बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. उसाच्या कडेलाच त्यांच्या कोप्या पडतात. पाचटाची भिंत, दाराच्या जागी गोधडी, आणि आत झोपलेली मुले. पिलाला बिबट्यापासून जपण्यासाठी आम्ही जो विचार केला, तोच विचार त्या कोपीपाशी येऊन थांबत असेल, तर आमची माया म्हणजे नुसता लाड ठरेल.

आमच्या स्वयंपाकघराच्या मोडतोडीतून एक सागवानी दार आणि पाच पत्रे उरले. त्यांतून वाघ्याला अंगणात ऐटबाज घर करावे, असा मुलांचा हट्ट होता. शेवटी ते दार आणि पत्रे विहिरीजवळच्या उघड्या पडवीला लावले, आत एक दिवा दिला, आणि तोडणीच्या हंगामात टोळीतील मुलांना रात्री तेथे निजू द्यावे असे ठरले. वाघ्यासाठी पिठाचे डबे वर फळीवर गेले आणि ओट्याखालचा दुसरा खण दाराविना मोकळा राहिला. स्वयंपाकघर त्यामुळे थोडे कमी देखणे झाले आहे. पाहुणे त्या उघड्या खणाकडे पाहून दार राहिले का, असे विचारतात.

सृष्टीवरील माणसाची सत्ता या विषयावर आपण मोठमोठी प्रवचने ऐकतो. त्या सत्तेची कसोटी अरण्यात लागेल तेव्हा लागो. आपल्यापुरती ती रोज सायंकाळी पीठ मळताना लागते. जो बोलू शकत नाही, जो घरपट्टी भरत नाही, ज्याचे नाव शिधापत्रिकेवर नाही, त्याचा हिशेब त्या पिठात धरला आहे काय? वाचकांपैकी ज्यांच्या घरी नवा ओटा होत असेल, त्यांनी लादी कापण्यापूर्वी एकदा खाली वाकून पाहावे आणि मग मापे घ्यावीत.