नमतें घेणें आणि पुन्हा कारभार पतकरणें

शस्त्र खालीं ठेवलेल्या पुढाऱ्यानें पुन्हा लोकांचा कारभार पतकरावा काय? आणि जिंकणाऱ्यानें तो त्याच्या हातीं द्यावा काय? वाचकहो, हा प्रश्न केवळ राजांचा नाहीं. लांज्याच्या आसपास बांधाच्या तंट्यांत नमतें घेणाऱ्या शेतकऱ्याचाहि आहे.

इ. स. १६६५ मध्यें मिर्झाराजे जयसिंग ह्यांनीं पुरंदरास वेढा घातला. मुरारबाजी देशपांडे लढतां लढतां पडले. इकडे मोंगल स्वारांच्या टोळ्या मुलखांतील खेडीं जाळीत, गुरें व माणसें धरून नेत होत्या. तेव्हां ११ जून रोजीं शिवाजी महाराज स्वतः जयसिंगांच्या छावणींत गेले. तेवीस किल्ले दिले, बारा राखिले, आणि बादशहाशीं एकनिष्ठ राहण्याचें कबूल केलें.

कित्येक ह्यास मानभंग म्हणतील. आम्हांस तसें वाटत नाहीं. हट्टानें लढाई लांबली असती तर तिची किंमत, जिला कोणीं विचारिलेंहि नव्हतें त्या रयतेनें भरली असती.

तथापि आपली गादी वांचविण्यासाठींहि मनुष्य नमतो. म्हणून खरी परीक्षा पुढें होते: उरलेल्या सत्तेचें त्यानें काय केलें? १६६६ मध्यें आग्र्याहून सुटून आल्यावर महाराजांनीं सुमारें तीन वर्षें मोंगलांशीं युद्ध टाळून राज्याची घडी बसविली.

१६७० मध्यें युद्ध पुन्हा पेटलें. मग वचनाचें काय? हा प्रश्न झांकणें बरें नव्हे. परंतु जयसिंगांनीं सुरक्षिततेची हमी देऊन पाठविलेल्या पाहुण्यास बादशहानें आग्र्यांत पहाऱ्यांत ठेविलें, तेव्हांच तहाचा पाया ढासळला होता. शरण आलेल्याचा अपमान करणारा शांततेचें बीं भाजून पेरतो. मग तें उगवत नाहीं म्हणून त्यानें कोणास दोष द्यावा?

ह्याच्या उलट उदाहरण चीन देशाचें. तेथील यादवी युद्धांत सेनापति फू त्सो-यी ह्यांनीं जानेवारी १९४९ मध्यें वाटाघाटीनें पेकिंग शहर स्वाधीन केलें, आणि तें प्राचीन नगर तोफांच्या माऱ्यांतून वांचलें. त्याच वर्षीं विजयी पक्षानें त्यांस जलव्यवस्थेचें मंत्रिपद दिलें, व त्यांनीं तें पुष्कळ वर्षें सांभाळिलें. कालच्या शत्रूकडे नद्या व बंधारे सोंपविले गेले.

आपल्या गांवांत तंटा मिटल्यावर नमलेल्या माणसास आपण पुन्हा पंगतीस व पंचांत बसवितों काय, कीं जन्मभर हिणवितों? त्यानें मुलांबाळांसाठीं हट्ट सोडिला असेल, तर त्यास त्याची जागा परत देणें हें आपलें कर्तव्य होय.