पत्ता

भोपाळच्या करोंद भागात एक वसाहत आहे. कागदावर तिचं नाव जीवनज्योती कॉलनी, पण शहराच्या तोंडी मात्र ‘विधवा कॉलनी’. 1984च्या डिसेंबरात युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. त्यात ज्यांचे नवरे गेले, त्या बायकांसाठी सरकारनं पुढे इथे 2,486 घरं बांधली. हेतू वाईट नव्हता, डोक्यावर छप्पर तर हवंच होतं. पण एकाच दुःखाची माणसं एका जागी गोळा केली की ते दुःखच पत्ता होऊन बसतं. ‘कुठे राहतोस?’ एवढं विचारलं, की मुलाच्या उत्तरात आईचं वैधव्यही येतं.

मग सरकारनं वेगळी वसाहत बांधण्याऐवजी तयार घरं विकत का घेऊ नयेत? इथे दोन, तिथे चार, चारचौघांच्या इमारतींतली. 2011च्या जनगणनेत देशातल्या शहरांमध्ये एक कोटीहून जास्त घरं रिकामी आढळली होती. बर्लिननं 2021 साली दोन खासगी कंपन्यांकडून चौदा हजारांहून जास्त भाड्याची घरं विकत घेण्याचा सौदा केला. भाडेकरूंना बिऱ्हाड हलवावं लागलं नाही. मालक तेवढा बदलला.

आपल्याकडे गाडं उलट्या दिशेनं चालतं. मध्य प्रदेशात कॉलनी उभारणाऱ्या बिल्डरनं त्यात दुर्बळ घटकांसाठी वाटा ठेवायचा असतो. नाहीतर त्याऐवजी ‘आश्रय शुल्क’ भरण्याची वाट नियमांनी ठेवली आहे. शब्द किती मायाळू! अर्थ एवढाच, की हे पैसे घ्या आणि त्यांचा आश्रय दुसरीकडे बघा. महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत 4,000 चौरस मीटर आणि त्यापुढच्या भूखंडावर 20 टक्के घरं अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवायचा नियम आहे. तिथे भूखंडाचे तुकडे पाडून तो चुकवल्याच्या तक्रारी झाल्या. बिल्डरला शिव्या घालणं सोपं आहे. पण त्याला त्याचं गिऱ्हाईक पक्कं ठाऊक असतं.

आमच्या सोसायटीच्या सभेत एका विकाऊ फ्लॅटचा विषय निघाला होता. ‘महापालिकेनंच घेतला आणि झोपडपट्टीतलं कुटुंब आणून ठेवलं तर?’ कुणीतरी थट्टेनं म्हणालं. आधी हशा झाला, मग शांतता. मग एकेक करून प्रश्न येऊ लागले. मेंटेनन्स कोण भरणार? लिफ्ट बिघडली तर? सणासुदीला पाहुणे किती येतील?

एक प्रश्न माझाही होता. पार्किंगचा.