धंदा, आवड आणि ‘मी’: सोलापूरच्या संतपरंपरेतील एक प्रश्न

नाव-गाव सांगून झाले की माणूस स्वतःविषयी साधारण दोन गोष्टी सांगतो: आपल्याला काय येते आणि आपल्याला काय आवडते. एवढ्यावरून सांगणाऱ्याचा ‘मी’ कितपत कळतो, हा धर्मचिंतनातला जुना प्रश्न आहे. वेदान्ताच्या लेखी कौशल्य देह-इंद्रियांचे, आवड मनाची आणि आत्मा या दोहोंचा साक्षी. तेव्हा कुंभार, सोनार, वैद्य, लेखनिक या सगळ्या उपाधी ठरतात आणि ज्ञान झाले की गळून पडतात. सोलापूर आणि भोवतालच्या मुलखातील भक्तांना हे तत्त्वज्ञान अपरिचित नव्हते. तरीही देवापुढे उभे राहताना त्यांनी आपला धंदा लपवला नाही. तो नावाला जोडून सांगितला.

या प्रश्नासाठी सोलापूरचा परिसर विशेष सोयीचा आहे, कारण येथे दोन भक्तिधारा एकमेकींना भिडतात. पंढरपूर, मंगळवेढा आणि सावता माळ्यांचे अरण आजच्या सोलापूर जिल्ह्यात आहेत. गोरा कुंभारांचे तेर शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात. दुसरीकडे, सोलापूर शहराचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातील शिवयोगी. त्यांचा संबंध बसवण्णांच्या कल्याणाशी, म्हणजे आजच्या बसवकल्याणशी येतो. एका धारेची वाणी मराठी अभंगांची, दुसरीची कन्नड वचनांची.

दोन्हींच्या रचनांत शेवटी मुद्रा येते, पण ती वेगळ्या प्रकारची. अभंगात कवी स्वतःचे नाव घालतो: नामा, सावता, चोखा. वचनात बहुधा कवीच्या इष्टदेवाचे नाव येते. सिद्धरामांची मुद्रा कपिलसिद्धमल्लिकार्जुन, अल्लमप्रभूंची गुहेश्वर, विणकर जेडर दासिमय्यांची रामनाथ. वचन करणारा आपले नाव काढून घेतो आणि तेथे देवाला बसवतो. याला एक ठसठशीत अपवाद आहे. अंबिगर चौडय्या हे नावाडी. त्यांनी देवाच्या नावाऐवजी स्वतःचेच नाव, तेही धंद्यासकट, मुद्रा म्हणून वापरले. त्यांच्या वचनांतला फटकळपणा पाहता ते त्यांना शोभतेही.

वारकरी संतांनी धंद्याचा उपयोग मुख्यतः भाषा म्हणून केला. नरहरी सोनारांच्या अभंगात बागेसरी, मूस आणि हातोडी येतात, सेना न्हाव्यांच्या अभंगात आरसा आणि चिमटा. ज्याला जे हत्यार हाताळता येते, त्याच हत्याराने तो अध्यात्म समजावतो. ही नुसती अलंकाराची हौस नव्हती. संस्कृत शास्त्र ज्यांच्या वाट्याला येऊ दिले गेले नाही, त्यांच्याकडे नेमके आणि खात्रीचे म्हणावे असे ज्ञान आपल्या कामाचेच होते. गोरोबांची कथा येथे फार बोलकी आहे. मडके पक्के की कच्चे हे कुंभार थापटून ओळखतो. गोरोबांनी तीच थापटी जमलेल्या संतांच्या डोक्यांवर चालवली आणि नामदेवांना कच्चे ठरवले, असे परंपरा सांगते. प्रत्यक्ष देवाशी बोलणाऱ्या नामदेवांची परीक्षा घ्यायला तेथे पंडित बोलावला नाही. कारागिराचा हात पुरेसा मानला गेला.

नामदेवांची बाजूही पाहण्यासारखी आहे. महिपतींच्या ‘भक्तविजया’सारख्या (1762) चरित्रग्रंथांत गोणाई आणि राजाई यांची तक्रार येते: मुलगा, नवरा प्रपंचाकडे पाहत नाही, देवळात रमतो. म्हणजे येथे धंदा शिंप्याचा आणि ओढ कीर्तनाची, दोहोंत उघड भांडण. तरी त्याच नामदेवांच्या नावावरील अभंगात कात्री, सुई आणि दोरा येतातच. धंद्यात मन न रमलेल्या माणसालाही मनाविषयी बोलताना धंद्याचीच हत्यारे आठवली.

सावता माळ्यांच्या बाबतीत हे भांडणच उरत नाही. त्यांच्या प्रसिद्ध अभंगात मळ्यातली भाजी हीच विठ्ठल होते, आणि ते मळा सोडून वारीला गेले नाहीत अशी परंपरा आहे. त्यांची समाधी शके 1217 मधील, म्हणजे इसवी सन 1295 ची मानली जाते. इतर संतांच्या पालख्या पंढरीला येतात. पांडुरंगाची पालखी मात्र अरणला जाते. ज्ञानेश्वरांनी गीतेच्या अठराव्या अध्यायावर लिहिताना स्वकर्माला पूजेच्या फुलांची जागा दिली होती. सावतोबांनी फुलांऐवजी भाजी ठेवली, इतकाच फरक.

शरणांच्या, म्हणजे वचने करणाऱ्या शिवभक्तांच्या, ‘कायक’ कल्पनेत हा विचार अधिक शिस्तबद्ध झाला. कायक म्हणजे प्रामाणिक श्रम, आणि तोच उपासना. कोणतेही कायक उच्च किंवा नीच नाही. मात्र त्याला दासोहाची, म्हणजे मिळकत समाजाला वाटून देण्याची जोड हवी. आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून गुजराण करीत. एकदा त्यांनी गरजेपेक्षा जास्त आणले, तेव्हा पत्नी लक्कम्मांनी ते परत टाकून यायला सांगितले. येथे धंदा सांगणे म्हणजे प्रावीण्य मिरवणे उरत नाही; समाजाला काय देतो आणि स्वतःकडे किती ठेवतो, याचा तो हिशेब होतो.

सिद्धरामांची गोष्ट मात्र या चौकटीत सहज बसत नाही, आणि म्हणूनच ती सर्वांत महत्त्वाची. राघवांकांच्या कन्नड ‘सिद्धरामचरित्रा’त आणि लोककथांत ते सोन्नलगी, म्हणजे आजचे सोलापूर, वसवणारे कर्मयोगी म्हणून येतात. त्यांनी अडुसष्ट लिंगे स्थापली, देवळे बांधली आणि लोकांना हाताशी धरून तलाव खोदला. हे काम त्यांना वारशाने आले नव्हते. त्यांनी ते स्वतः निवडले होते. आज ज्याला आवडीचे काम म्हणतात, त्याच्या जवळ जाणारे संतचरित्रातले हे उदाहरण. ‘शून्यसंपादने’ या ग्रंथात अल्लमप्रभू सोन्नलगीला येतात आणि तलावावर राबणाऱ्यांना विचारतात, तुमचा तो वड्ड रामय्या कोठे आहे? वड्ड म्हणजे माती-दगडाचे काम करणारा वडार. गुरूचा अपमान झाला असे वाटून लोक त्यांच्यावर दगड उचलतात. पुढच्या संवादाचा रोख असा: बाहेर खोदलेल्या तळ्याने आणि बांधलेल्या देवळांनी पुण्य लाभेल, पण ‘मी करतो’ ही गाठ सुटणार नाही. शेवटी सिद्धराम कल्याणला जातात आणि चन्नबसवण्णांकडून इष्टलिंगदीक्षा घेतात.

‘शून्यसंपादने’ पंधराव्या शतकातले आहे, तेव्हा त्याला बाराव्या शतकातील संभाषणाची नोंद मानता येत नाही. ती सिद्धान्त मांडण्यासाठी रचलेली कथा आहे. तिचा मुद्दा मात्र नेमका आहे. अल्लम श्रमाला हलके लेखत नाहीत. शरणांच्या मंडळात तसे लेखणे शक्यही नव्हते. ते त्या कामात दडलेल्या कर्तेपणावर बोट ठेवतात. वारशाने आलेल्या धंद्याचा अभिमान सोडणे एक वेळ सोपे. स्वतः निवडलेल्या, जीव ओतलेल्या कामाचा अभिमान सोडणे अवघड. तळे मात्र कोणी बुजवले नाही. सिद्धेश्वराचे मंदिर आजही त्याच पाण्यात उभे आहे.

या सर्व विचारावरचा गंभीर आक्षेप याच जिल्ह्यातून, मंगळवेढ्यातून उभा राहतो. चोखामेळ्यांच्या वाट्याला आलेले काम मेलेली गुरे ओढण्याचे आणि वेठबिगारीचे होते. 1338 मध्ये मंगळवेढ्याच्या कुसाचे काम चालू असताना ते कोसळले आणि त्याखाली त्यांचा अंत झाला. त्यांच्या अभंगांत शरणागती आहे. मुलगा कर्ममेळा मात्र देवालाच जाब विचारतो. कामाला पूजा म्हणणे ज्याने काम निवडले त्याच्या तोंडी शोभते. ज्याच्यावर ते लादले गेले, त्याला हेच वचन बेडी होऊ शकते. गीता स्वधर्म न सोडण्याचा उपदेश दोन ठिकाणी करते (3.35 आणि 18.47), आणि त्याचा वापर पुढे जातिधर्म टिकवण्यासाठी झाला हे नाकारता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या निबंधात नेमके हेच दाखवले: जात श्रमांची वाटणी करून थांबत नाही, ती श्रमिकांनाच वेगवेगळ्या खणांत टाकते, आणि या वाटणीत माणसाचा कल, त्याची आवड यांना जागाच नसते.

हा आक्षेप संतांना अर्धाच लागू होतो. ज्ञान जन्मावर ठरत नाही हे त्यांनी थापटीने आणि हातोडीने दाखवून दिले. शरण तर आणखी पुढे गेले: ब्राह्मण मधुवरसांची मुलगी आणि चर्मकार हरळय्यांचा मुलगा यांच्या विवाहावरून कल्याणात रक्तपात झाला, असे परंपरा सांगते. पण कुंभाराच्या मुलाला सोनारकाम आवडले तर काय, हा प्रश्न अभंगांत विचारला गेलेला दिसत नाही. आवड हा त्यांचा मोठा शब्द होता, पण तिचा विषय नाम आणि देव. कामाची आवड असते म्हणून ते करावे, हा क्रम त्यांना ठाऊक नव्हता. करीत असलेल्या कामात देव दिसला की ते आवडू लागते, हा त्यांचा क्रम होता.

सोलापूरच्या गड्डा यात्रेत, मकरसंक्रांतीच्या सुमारास, या इतिहासाच्या दोन्ही बाजू एकत्र निघतात. सिद्धरामांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह सम्मती कट्ट्याजवळच्या अक्षता सोहळ्यात लागतो, आणि सात नंदीध्वजांचे मान वाटून दिलेले आहेत: पहिला हिरेहब्बूंचा, दुसरा कसबे देशमुखांचा, तिसरा माळी समाजाचा, चौथा व पाचवा विश्वब्राह्मण सोनार समाजाचा, सहावा व सातवा मातंग समाजाचा. प्रत्येक समाजाला मान आहे, आणि मानाला क्रमही आहे.