बरणीला कोण शिवलं?

मे महिन्यात आमच्या रत्नागिरीच्या घरी लोणचं पडतं. कैऱ्या धुऊन कोरड्या करायच्या, फोडींना मीठ-हळद लावायची, गार फोडणी ओतायची. आणि एक नियम: 'बाहेर' असलेल्या बाईने बरणीला शिवायचं नाही, लोणचं नासतं.

बारावीत असताना मी आजीला ऐटीत सांगितलं, "अगो, लोणचं बुरशीने नासतं. ओला चमचा, कमी मीठ, वर तेल नसणं. पाळीचा संबंध नाही."

आजी म्हणाली, "पुस्तकात छापलं म्हणजे खरं होय गो?"

तेव्हा मी हसले. पण प्रश्न बिनतोड होता. घटसर्पाच्या चाचणीमुळे प्रसिद्ध असलेल्या बेला शिक या डॉक्टरने १९२० मध्ये व्हिएन्नात मांडलं होतं, की पाळीतल्या बाईच्या अंगातून विष बाहेर पडतं आणि तिच्या हातात फुलं कोमेजतात. त्याने त्याला 'मेनोटॉक्सिन' असं नावही दिलं. म्हणजे आजीचाच नियम, फक्त लॅटिन-ग्रीक वेशात! ते विष कुणालाही वेगळं काढून दाखवता आलं नाही.

आपल्याकडे १९३३ मध्ये कमला भागवत (पुढे सोहोनी) यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. कारण एकच, त्या बाई होत्या. त्या हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभराच्या अटीवर प्रवेश मिळाला. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असतं, हे त्यांचं संशोधन.

म्हणजे वैज्ञानिकही आपल्या काळाचे पूर्वग्रह घेऊनच प्रयोगशाळेत येतात. फरक इतकाच, की तिथला दावा कुणालाही तपासून खोडता येतो. आजीच्या नियमाला ती सोय नव्हती.

तरीही एक प्रश्न उरतो. समजा, लोणचं खरंच नासलं असतं तर? सर्दी झालेल्याने स्वयंपाक करू नये, हे आपण मानतोच. पण त्याला कुणी अपवित्र म्हणत नाही, चार दिवस पडवीत बसवत नाही. बरणी कशाने नासते, हे विज्ञान सांगेल. माणसाला कसं वागवायचं, हे मात्र आपणच ठरवायचं असतं. आपली प्रतिष्ठा प्रयोगाच्या निकालावर टांगून ठेवली, तर उद्या नवा शिक येईल आणि आपण पुन्हा पडवीत.

यंदा मी दुसऱ्या दिवशी बरणी भरली, आजीला सांगून. ती काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "मीठ नीट घातलंस ना?"