वेदनेची साक्ष
तलाकनंतरची इद्दत पुरी झाली की नाही, हे मासिक पाळीवरून ठरते. आणि पाळीविषयी फिकहच्या विद्वानांनी स्त्रीचाच शब्द ग्राह्य धरला. सूरह अल-बकराच्या 228व्या आयतीचा त्यांना आधार होता. तिच्या देहात काय घडते, हे तिच्याखेरीज कोण सांगणार? मग तीच स्त्री पाळीतील असह्य वेदना सांगते, तेव्हा ‘सगळ्याच बायकांना होतं’ म्हणून डॉक्टर तिला परत कसे पाठवतात? एंडोमेट्रिओसिसचे निदान अशानेच अनेकदा कित्येक वर्षे लांबते. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून साक्ष खोटी ठरत नाही. हा आजार तीत दरवेळी दिसतोच असे नाही. मात्र डॉक्टरांना दोष देताना मी थबकतो. तिच्या शेजारी बसलेले आपण नवरेही तेव्हा मान डोलावत असतो.